तोफ आपली, दुर्बीण परक्याची

युरोपात महायुद्धाला तोंड फुटून जेमतेम महिना लोटला होता. १९१४ सालच्या त्या सप्टेंबरात ब्रिटनचे वयोवृद्ध फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आपल्या देशबांधवांना एक आवाहन केले. त्यात पैशाची मागणी नव्हती की सोन्याची. त्यांनी मागितल्या दुर्बिणी! घोड्यांच्या शर्यती पाहण्यासाठी, शिकारीसाठी वा केवळ हौसेखातर ज्यांनी ज्यांनी दुर्बिणी घेऊन ठेवल्या असतील, त्यांनी त्या सेनेच्या उपयोगासाठी द्याव्यात, अशी ती विनंती होती. ज्या साम्राज्यावरील सूर्य कधी मावळत नाही असे अभिमानाने सांगितले जाई, त्या साम्राज्याच्या सैनिकापाशी शत्रूला न्याहाळण्यासाठी पुरेशा दुर्बिणी नव्हत्या. हे रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेले, काबूल-कंदाहारच्या मोहिमेने नावारूपाला आलेले, हिंदुस्थानचे माजी सरसेनापती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी पलटणींची भेट घेण्यासाठी ते गेले आणि तेथेच न्यूमोनियाने वारले.

विसाव्या शतकाच्या आरंभी तोफेचा पल्ला इतका वाढला होता की, तोफखान्याला आपले लक्ष्य नुसत्या डोळ्यांनी दिसेनासे झाले होते. लक्ष्य किती दूर आहे हे सांगणारा अंतरमापक, तोफेची नळी कोणत्या कोनात उचलायची हे ठरवणारा दर्शक, पाणबुडीचा पेरिस्कोप, विमानातून टेहळणी करणारा कॅमेरा या साऱ्यांच्या पोटात काच असते. आणि ती खिडकीच्या तावदानाची काच नसते. ब्रिटनला लागणाऱ्या या प्रकाशीय काचेपैकी सुमारे ६० टक्के काच युद्धापूर्वी जर्मनीतून येत असे, ३० टक्के फ्रान्समधून, आणि बर्मिंगहॅमजवळची चान्स बंधूंची एकुलती एक पेढी उरलेली १० टक्के पुरवीत असे. ज्याच्याशी लढायचे त्याच्याच भट्टीत आपले डोळे घडत आहेत, हे अनेकांच्या लक्षात आले ते ४ ऑगस्टनंतर.

जर्मनीने हे स्थान काही एका रात्रीत मिळवलेले नव्हते. येना या लहानशा विद्यापीठनगरीत कार्ल झाईस हा यंत्रकारागीर, एर्न्स्ट आबे हा भौतिकशास्त्रज्ञ आणि ओटो शॉट हा काचेचा रसायनज्ञ असे तिघे एकत्र आले आणि १८८४ साली तेथे काचेची प्रयोगशाळा उभी राहिली. भिंग कसे असावे हे आबेने गणिताने ठरवायचे, त्या गणिताला हवी तशी काच शॉटने वितळवायची आणि झाईसच्या कारखान्यातील कारागिरांनी ती घासून यंत्रात बसवायची, असा तो व्यवहार. प्रशियाच्या सरकारने या प्रयोगांना आरंभीच अर्थसाहाय्य दिले होते. त्यात पैसा गुंतवताना तेथील राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे युद्ध होते की व्यापार, हा वाद येथे महत्त्वाचा नाही. तीस वर्षांनी दोन्ही गोष्टी साधल्या, एवढे खरे.

ही काच करणे किती जिकिरीचे असते, याची कल्पना सामान्य माणसाला सहसा नसते. मातीच्या मोठ्या मुशीत अतिशुद्ध वाळू आणि पोटॅश, शिसे, बेरियम यांची संयुगे वितळवायची. पण तप्त काच त्या मुशीची मातीच खाऊ लागते, आणि मातीतील लोह काचेत उतरले की तिच्यावर हिरवट झाक येते. रस तासन् तास ढवळावा लागतो. नाहीतर साखरेच्या पाकात पाणी ओतल्यावर दिसतात तशा रेषा काचेत कायमच्या राहून जातात. त्यानंतर ती अतिशय सावकाश थंड करायची. घाई केली की काचेच्या अंतरंगात ताण राहतो आणि तिच्यातून जाणारा प्रकाशकिरण आपली वाट सोडतो. एवढे सारे करून मूस फोडली की पाच भागांतला एखादा भागच भिंगाच्या लायकीचा निघायचा. युद्धखात्याने फर्मान काढल्याने अशी काच तयार होत नाही. ती करणारा माणूस आधी दहा-वीस वर्षे हात भाजून घेऊन बसलेला असावा लागतो.

१९१५ साली ब्रिटनने तटस्थ स्वित्झर्लंडमार्फत खुद्द जर्मनीकडूनच दुर्बिणी मागवण्याची बोलणी केली आणि बदल्यात जर्मनीला हवे असलेले रबर देण्याची गोष्ट निघाली, असे सांगितले जाते. तो व्यवहार कितपत तडीस गेला याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु खंदकांत समोरासमोर बसून एकमेकांचे गळे घोटणाऱ्या दोन राष्ट्रांमध्ये असे बोलणे व्हावे, यावरूनच त्या टंचाईची तीव्रता ध्यानात येते.

पुढे ब्रिटनने जे केले ते आपल्याकडील धोरणकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. १९१६ साली विज्ञान व औद्योगिक संशोधनाचे स्वतंत्र सरकारी खाते निघाले. १९१७ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तांत्रिक प्रकाशशास्त्राचा विभाग सुरू झाला. आणि युद्ध संपून लोक सुटकेचा निःश्वास टाकत असताना, १९२१ साली, संसदेने उद्योगसंरक्षणाचा कायदा करून परदेशी प्रकाशीय काच व शास्त्रीय उपकरणे यांच्यावर ३३ टक्क्यांहून अधिक, म्हणजे किमतीच्या एक-तृतीयांश इतका आयात कर बसवला. मुक्त व्यापाराची जपमाळ ओढत ज्यांनी जगाच्या बाजारपेठा उघडायला लावल्या आणि हिंदुस्थानच्या विणकरांना देशोधडीला लावले, त्यांनीच आपल्या भिंगांसाठी मात्र कुंपण घातले. पाखंड म्हणावे तर म्हणता येईल; पण राष्ट्रहिताचे भान म्हणतात ते हेच.

अमेरिकेची कथा वेगळी आणि अधिक रंजक आहे. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिलाही काचेची तीच विवंचना पडली. रॉचेस्टर येथील बॉश अँड लोंब या कंपनीने काही वर्षे धडपड करून थोडी काच काढली होती, पण ती सैन्याला पुरणारी नव्हती. अशा वेळी मदतीला कोण धावून आले? भूगर्भशास्त्रज्ञ! वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेची एक भूभौतिक प्रयोगशाळा होती. ज्वालामुखीतला रस कसा थिजतो, खडकातील सिलिकेटे कोणत्या तापमानाला वितळतात, असले ‘निरुपयोगी’ प्रश्न घेऊन आर्थर डे, फ्रेड राईट आणि त्यांचे सहकारी तेथे वर्षानुवर्षे बसलेले असत. काच म्हणजे तरी काय, वेगाने थिजलेले सिलिकेटच. ही मंडळी प्रयोगशाळा सोडून थेट भट्टीवर जाऊन उभी राहिली आणि काही महिन्यांत त्यांनी सैन्याला उपयोगी पडेल अशा काचेचे उत्पादन मार्गी लावले. ज्वालामुखीच्या अभ्यासावर सरकारचा पैसा का उधळता, असा प्रश्न विचारणारे लोकप्रतिनिधी प्रत्येक देशात असतात. त्यांना हे उदाहरण सांगावे.

दरम्यान अमेरिकी नौदलानेही जनतेपुढे हात पसरला. ‘नौदलाला डोळे द्या’ अशा आशयाची चित्रे भिंतींवर लागली. नौदल खात्याचे तेव्हाचे दुय्यम सचिव होते फ्रँकलिन रुझवेल्ट. सरकारला फुकट वस्तू स्वीकारता येत नाहीत अशी तेथील कायद्याची अडचण होती. तेव्हा प्रत्येक दुर्बिणीमागे एक डॉलर द्यायचा आणि युद्ध संपल्यावर शक्य झाल्यास ती मालकाला परत करायची, अशी तोड निघाली.

पण मापनाचे खरे सामर्थ्य दिसले ते ध्वनीच्या बाबतीत. शत्रूची तोफ टेकडीआड दडलेली असते. दुर्बिणीने ती दिसत नाही. मग तिचा ठाव कसा घ्यायचा? तिचा आवाज तर येतो. तो आवाज एका रांगेत अंतराअंतरावर ठेवलेल्या सहा श्रवणयंत्रांवर निरनिराळ्या क्षणी पोहोचतो. या क्षणांमधील फरक सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक मोजता आला, तर भूमितीच्या साहाय्याने तोफेची जागा नकाशावर टिपता येईल. कल्पना सोपी होती, पण हे काम ब्रिटिश सेनेने ज्याच्यावर सोपवले, तो विल्यम लॉरेन्स ब्रॅग हा अवघ्या पंचविशीचा भौतिकशास्त्रज्ञ होता. १९१५ च्या सप्टेंबरात त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या रणभूमीवर पडला. नोव्हेंबरात वडिलांसह त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झाल्याची वार्ता आली ती बेल्जियममधील आघाडीवर. ज्या खेडुत धर्मगुरूच्या घरी त्याचा मुक्काम होता, त्याने तळघरातून मद्याची एक बाटली काढून तो प्रसंग साजरा केला.

पॅरिसच्या ल्युसिएन बुल याने बनवलेले नोंदणीयंत्र ब्रॅगच्या हाती आले होते. त्यात चित्रपटाच्या पट्टीवर ध्वनीच्या आगमनाच्या खुणा उमटत. पण अडचण वेगळीच निघाली. तोफेचा गोळा ध्वनीपेक्षा वेगाने येतो आणि त्याचा कर्कश कडाडा आधी पोहोचतो. तोफेचा मूळ हुंकार इतक्या खर्जातला असतो की, साध्या श्रवणयंत्राला तो धड ऐकूच येत नाही. उत्तर सापडले ते ज्या जागी, तिचा उल्लेख सभ्य लिखाणात सहसा होत नाही. ब्रॅग शौचकूपाच्या फळीवर बसला असताना जवळची सहा इंची तोफ डागली गेली, आणि कानांना फारसा आवाज नसतानाही खालून आलेल्या हवेच्या दाबाने आपण फळीवरून किंचित उचलले गेलो, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे जे कानाला ऐकू येत नाही ते हवेच्या धक्क्याने मोजता येईल! त्याच्या तुकडीत टकर नावाचा एक कॉर्पोरल होता. पूर्वाश्रमीचा इम्पीरियल कॉलेजातील अध्यापक. त्याच्या झोपडीच्या भिंतीला भोके होती आणि तोफ डागली की त्यांतून थंड हवेचा झोत त्याच्या तोंडावर येई. टकरने एक अगदी बारीक तार विजेने तापवून भांड्याच्या तोंडाशी ताणली. तोफेच्या हुंकाराबरोबर हवेची झुळूक येते, तार थंड होते, तिच्यातील विद्युतरोध बदलतो आणि पट्टीवर खूण उमटते. गोळ्याच्या कर्कश कडाड्याने मात्र ती हूं की चूं करीत नाही. सैन्यात रम भरून येणारे मातीचे बुधलेसुद्धा या कामी वापरले गेले.

वाऱ्याची दिशा आणि हवेचे तापमान यांची वजाबाकी-बेरीज करून ही मंडळी हवा अनुकूल असली की तोफेची जागा थोड्या दहा मीटरांच्या फरकाने सांगू लागली. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियेंच्या लढाईला प्रारंभ झाला तेव्हा समोरच्या ५३० जर्मन तोफांपैकी ५०४ तोफांची ठिकाणे ब्रिटिश तोफखान्याच्या नकाशावर आधीच टिपलेली होती. जर्मन सेनेच्या माघारीला त्या दिवसापासून सुरुवात झाली. रणगाड्यांचे श्रेय सर्वांना ठाऊक आहे. एका तापलेल्या तारेचे श्रेय किती जणांना ठाऊक असेल?

दुसऱ्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियाचे उदाहरण तर आपल्याला अधिकच जवळचे वाटावे. इंग्लंडवर विसंबून राहिलेला, तोवर प्रकाशीय काचेचा तुकडाही न बनवलेला हा देश. १९४० साली मेलबर्नचे भौतिकशास्त्रज्ञ प्राध्यापक लॅबी यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले गेले आणि हार्टुंग या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्षभराच्या आत काच करून दाखवली. पण उपकरणे न्यू गिनीच्या दमट जंगलात पोहोचली आणि काही आठवड्यांत त्यांच्या भिंगांवर बुरशीचे जाळे पसरले. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेला कॅमेरा ज्यांनी दसऱ्याला उघडून पाहिला आहे, त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले आणि बुरशीनाशक द्रव्य उपकरणातच भरण्याची युक्ती निघाली. थंड युरोपात घडलेले यंत्र उष्ण कटिबंधात तसेच्या तसे चालत नाही, हा धडा त्या देशाने गिरवला.

आता आपल्याकडे वळू. १९९९ च्या मे ते जुलै या काळात कारगिलच्या शिखरांवर जे युद्ध झाले, त्यातील ५२७ हुतात्म्यांचे स्मरण देश दरवर्षी २६ जुलैला करतो. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब व अग्निबाण डागले. बोफोर्सच्या पराक्रमाच्या कथा घरोघरी पोहोचल्या. परंतु शत्रूची तोफ नेमकी कोठून आग ओकते आहे हे क्षणार्धात सांगणारे रडार त्या वेळी भारतीय सेनेपाशी नव्हते. अमेरिकेने पुरवलेले तसे रडार पाकिस्तानपाशी होते. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर निर्बंध लादले गेले होते, त्यामुळे अमेरिकेकडून ते मिळण्याचाही मार्ग खुंटला होता. ब्रॅगने सहा श्रवणयंत्रे मांडून जो प्रश्न सोडवला होता, तोच प्रश्न ऐंशी वर्षांनंतर द्रास-काकसरच्या डोंगरांत आपल्या जवानांपुढे उभा होता. पंधरा-सोळा हजार फुटांवरील विरळ हवेत तोफगोळा सखल प्रदेशापेक्षा दूर जातो. तेव्हा मैदानी प्रदेशासाठी केलेली पल्ल्यांची कोष्टकेही जशीच्या तशी उपयोगाची नव्हती. ती दुरुस्त झाली रणभूमीवरच, एकेका गोळ्याच्या पतनावरून. २४ जून रोजी टायगर हिलवर मिराज विमानांनी लेसरने दिशा दिलेला बॉम्ब टाकला तो इस्रायलकडून आलेल्या लक्ष्यदर्शक उपकरणाच्या भरवशावर. मित्राने वेळेवर दिले, हे आपले भाग्य.

अमेरिकेने कारगिलच्या वेळी जीपीएसची माहिती नाकारली, ही गोष्ट व्यासपीठांवरून वारंवार सांगितली जाते. खरे तर या गोष्टीचा आधार घेण्याची गरजच नाही. २००० सालच्या मेपर्यंत अमेरिका नागरी वापराच्या जीपीएस संदेशात जाणूनबुजून चूक मिसळत असे, आणि त्यामुळे जागेचे मोजमाप शंभर मीटरपर्यंत चुकू शके. हे गुपित नव्हते. ते त्यांचे जाहीर धोरण होते. यंत्र ज्याचे, त्याला ते किती खोटे बोलेल हे ठरवण्याचाही अधिकार असतो. यापेक्षा अधिक नकार कोणता हवा?

कारगिलनंतर दोन गोष्टी घडल्या. २००२ साली अमेरिकेकडून तोफशोधक रडारे घेण्याचा करार झाला, आणि आपल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या बंगळूरुच्या प्रयोगशाळेने ‘आकाश’ क्षेपणास्त्रासाठी घडवलेल्या ‘राजेंद्र’ रडाराच्या अनुभवातून स्वतःचे तोफशोधक रडार रचायला घेतले. त्याचे नाव ‘स्वाती’. भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते बनवले आणि २०१७ च्या मार्चमध्ये ते विधिपूर्वक सेनेच्या स्वाधीन झाले. २०२० साली आर्मेनियाने अशी चार रडारे भारताकडून विकत घेण्याचे ठरवले. ज्याच्या अभावी आपण रक्त सांडले, ते यंत्र आज आपण दुसऱ्या राष्ट्राला देतो, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण १९९९ ते २०१७ म्हणजे अठरा वर्षे. टाळ्या वाजवताना हा आकडाही तोंडाने उच्चारावा. ज्वालामुखीचा अभ्यास करणारे भट्टीवर गेले तेव्हा त्यांना काही महिने पुरले, कारण त्यांचे पायाभूत काम आधीच झालेले होते. आपल्याला ते पायापासून करावे लागले.

याहून बोलका दाखला उपग्रहांतील घड्याळाचा आहे. स्वतःची दिशादर्शन प्रणाली असावी म्हणून भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह अवकाशात सोडले आणि प्रणालीला ‘नाविक’ हे सुंदर नाव दिले. अशा प्रणालीत जागेचे मोजमाप म्हणजे वस्तुतः वेळेचे मोजमाप. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली तर पृथ्वीवरील अंतर ३० सेंटिमीटरने चुकते. म्हणून उपग्रहात अणुघड्याळ बसवावे लागते. रुबिडियमच्या अणूची सेकंदाला सुमारे ६८३ कोटी स्पंदने हा त्याचा लंबक. आपण उपग्रह घडवला, अग्निबाण घडवला, श्रीहरिकोट्याहून तो सोडला. आणि घड्याळ मात्र युरोपातून विकत आणले. पहिल्या उपग्रहावरील तिन्ही घड्याळे काही वर्षांतच बंद पडली. उपग्रह ठणठणीत, पण वेळ सांगता येईना! त्याच्या जागी २०१७ च्या ऑगस्टमध्ये सोडलेला उपग्रह उष्णतारोधक कवच न उघडल्यामुळे वाया गेला. त्याच पुरवठादाराची घड्याळे युरोपच्या स्वतःच्या प्रणालीतही बंद पडली होती, तेव्हा येथे कोणाच्या हेतूवर बोट ठेवण्याचे कारण नाही. मात्र दुरुस्ती कोठे आणि कशी करावी हे ज्याने घड्याळ घडवले त्यालाच कळते. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने अखेर भारतीय रुबिडियम घड्याळ तयार केले आणि २९ मे २०२३ रोजी ते नव्या मालिकेतील पहिल्या उपग्रहातून अवकाशात गेले. जगातील मोजक्याच देशांना साधलेली ही विद्या आहे. त्या दिवशी वाहिन्यांवर या घड्याळाला किती मिनिटे मिळाली? क्रिकेटचा मोसम होता, हे खरे. पुढे २०२५ च्या जानेवारीत गेलेला मालिकेतील दुसरा उपग्रह, झडपा न उघडल्यामुळे, ठरलेल्या कक्षेपर्यंत पोहोचू शकला नाही.

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात रणगाडे येतात, क्षेपणास्त्रे येतात, डोक्यावरून विमाने झेपावतात. तेजसच्या वैमानिकाच्या डोळ्यांपुढे वेग, उंची व लक्ष्य दाखवणारी काच चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत विकसित झाली, हे संचलनात कोणी सांगत नाही. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरमध्ये एका रात्री नऊ ठिकाणी प्रहार झाले, तेव्हा ‘अचूक’ हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. अचूकतेचा अर्थ मोजमाप. पण शस्त्रखरेदीची चर्चा निघाली की ती विमानांच्या संख्येवर आणि किमतीवर येऊन थांबते. त्या विमानाचा डोळा कोणी घडवला, त्याची शुद्धता कोणत्या प्रयोगशाळेत तपासली जाते, तो बिघडला तर पेटी बंद करून सातासमुद्रापार पाठवावी लागते काय, हे प्रश्न ना संसदेत विचारले जातात, ना वृत्तपत्रांत. पुण्याच्या भोसरीत १९९० साली हॉलंडमधील कंपनीच्या भागीदारीत, अंधारात पाहण्याच्या उपकरणांतील प्रकाशवर्धक नलिका बनवणारा कारखाना निघाला. पुढे तो पूर्णपणे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा झाला, सेनेला त्याचा मोठा उपयोगही झाला. पण नलिकेची पुढची पिढी आली तेव्हा तंत्र पुन्हा परदेशी कंपनीकडून घ्यावे लागले. परवान्यावर उत्पादन करता येते, परंतु परवान्यावर विद्या येत नाही.

अशी उपकरणे संख्येने थोडी लागतात, ती येथे बनवणे महाग पडते, बाहेर स्वस्त मिळतात, असा एक युक्तिवाद अर्थशास्त्री मंडळी करतात. तो अगदीच टाकाऊ नाही. केवळ आयातीला कुंपण घातल्याने यंत्रे सुधारत नाहीत, हेही आपण अनुभवले आहे. कोलकात्यातील गणितीय उपकरण कार्यालयाची परंपरा १८३० पर्यंत मागे जाते. स्वातंत्र्यानंतर त्यातूनच १९५७ साली नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही सरकारी कंपनी झाली. चार दशके संरक्षित बाजारपेठ मिळूनही ती आजारी पडली आणि शेवटी तिची वास्तू जादवपूर विद्यापीठाच्या स्वाधीन झाली. परंतु त्याच जादवपुरात, काही अंतरावर, केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात परदेशी तंत्र विकत न घेता प्रकाशीय काच करून दाखवली होती. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर सेनेला दर्शकांची आणि दुर्बिणींची निकड भासली, तेव्हा निदान काचेसाठी तरी सर्वस्वी परक्याचे तोंड पाहावे लागू नये, याची सोय या माणसांनी आधीच करून ठेवली होती. एकाच शहरातील या दोन कथा शेजारी-शेजारी ठेवल्या की कळते, फरक कराच्या टक्केवारीत नव्हता. एके ठिकाणी कोणीतरी प्रश्न विचारत राहिले होते. दुसऱ्या ठिकाणी मागणी येई आणि जुनाच नमुना बाहेर पडे.

प्रश्न विचारण्याची ही सवय जडते कोठे? शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दरवर्षी हजारो मुले विज्ञानशाखेला जातात. व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, लंबक यांवरील प्रयोग ती करतात आणि बहुतेकांना एक हातखंडा अवगत असतो: पुस्तकातील अपेक्षित उत्तर आधी लिहायचे आणि त्यावरून निरीक्षणांचा तक्ता उलटा भरायचा! गुरुत्वत्वरण ९.८ आलेच पाहिजे. न आले तर गुण जातात. शिक्षकाला हे ठाऊक असते, परीक्षकाला ठाऊक असते, पालकांनाही ठाऊक असते, कारण त्यांनीही हेच केलेले असते. ब्रॅगच्या पट्टीवर जी खूण उमटली, तीच त्याने मोजली; सोयीची खूण त्याने काढली असती तर गोळा आपल्याच खंदकावर पडला असता. ज्या मुलाला खरे वाचन लिहिल्याबद्दल शिक्षा होते, तो पुढे संरक्षण प्रयोगशाळेत बसून कोणते वाचन लिहील?

आणि जे हातांनी घडवतात त्यांचे काय? जॉर्ज एव्हरेस्ट हिंदुस्थानच्या महाभूमापनाचे काम पाहत असताना त्याने आपल्यासोबत इंग्लंडहून हेन्री बॅरो नावाचा उपकरणनिर्माता आणला होता. दोघांचे पटले नाही, बॅरो गेला. त्याची जागा घेण्याच्या योग्यतेचा माणूस एव्हरेस्टला सापडला तो अर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसेन, मद्रासेत जवाहिऱ्याचे व घड्याळदुरुस्तीचे काम केलेला. हिमालयाची उंची पुढे ज्या परंपरेतील यंत्रांनी मोजली गेली, ती यंत्रे या माणसाच्या हाताखालून गेली होती. तरीही त्याला ‘गणितीय उपकरणनिर्माता’ हे पद द्यावे की नाही, यावर लंडनमधील कंपनीचे संचालक अडून बसले. तो एतद्देशीय, त्यात इंग्रजी शिक्षण नसलेला. एव्हरेस्टला त्याच्या बाजूने लिहून भांडावे लागले आणि १८४३ साली ते पद त्याला मिळाले.

आज आपल्या सरकारी प्रयोगशाळांत भिंग घासणारा, घड्याळाची पोकळी जुळवणारा, सोन्याच्या तारेचा सांधा सूक्ष्मदर्शकाखाली जोडणारा तंत्रज्ञ निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाताखाली किती जण शिकून तयार असतात, त्याच्यासाठी बढतीच्या किती पायऱ्या ठेवलेल्या असतात आणि त्याची जागा पुन्हा भरली जाते की आर्थिक शिस्तीच्या नावाखाली रद्द होते, याचा हिशेब संरक्षण मंत्रालयाने आणि वैज्ञानिक संशोधन परिषदेने एकदा देशापुढे मांडावा. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात नव्या तोफांच्या रकमेशेजारी, त्या तोफांचे डोळे घडवणाऱ्या या माणसांसाठी ठेवलेली रक्कमही वेगळ्या रकान्यात छापली जावी. संचालकांना एतद्देशीय माणसाच्या योग्यतेविषयी शंका होती. ती शंका घेणारे संचालक आता लंडनमध्ये नाहीत.